डान्स बँडच्या लाखेच्या तबकड्यांची सूची

अमेरिकेत साधारण १९१७ ते १९४२ या काळात डान्स बँडांची गाणी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, बहुतेक दहा इंची तबकड्यांवर विकली गेली. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. लेबलावर गाण्याच्या नावाखाली ‘फॉक्स ट्रॉट’ किंवा ‘वॉल्ट्झ’ असा नाचाचा प्रकार छापलेला असे. गिऱ्हाइकाला आधी तेच हवे असे. गायकाचे नाव मात्र पुष्कळदा गाळलेले, नुसतेच ‘व्होकल रिफ्रेन’, म्हणजे मध्ये गायलेले ध्रुपद.

केवळ लेबल वाचून सूची करणाऱ्याची फसगत ठरलेली. बॅनर, डॉमिनो, रीगल, ओरिओल अशा स्वस्त छापांवर एकच ध्वनिमुद्रण निरनिराळ्या, बरेचदा बनावट बँडनावांनी निघे. म्हणून जाणकार तबकडी तिरप्या उजेडात धरून लेबलाभोवतीची गुळगुळीत पट्टी आधी पाहतात. तिथला मॅट्रिक्स क्रमांक विक्रीचा नसतो, ध्वनिमुद्रणाचा असतो. सोबत टेकचा, म्हणजे कितव्या खेपेचे वादन ते सांगणारा, क्रमांक मिळाला तर फारच उत्तम. तेच गाणे त्याच दिवशी दोन-तीनदा वाजवले जाई आणि प्रत्येक वेळी ट्रम्पेटवाला तेच वाजवेल असे नाही. तेव्हा दोन टेक म्हणजे दोन नोंदी. व्हिक्टर कंपनीच्या मॅट्रिक्स क्रमांकात ‘बी’ म्हणजे दहा इंची, ‘सी’ म्हणजे बारा इंची. १९२५ पासून दिसणारे ‘व्हीई’ विद्युत, म्हणजे मायक्रोफोनने केलेल्या, ध्वनिमुद्रणाची खूण. कोलंबिया कंपनीच्या तबकडीवर गोलातला ‘डब्ल्यू’ तेच सांगतो.

तारीख तबकडीवर सहसा नसते. ती कंपनीच्या वह्यांतून घ्यावी लागते आणि वह्या नसतील तर शेजारच्या क्रमांकांवरून ताडावी लागते. सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ऑनलाइन सूचीत व्हिक्टरसह अनेक कंपन्यांच्या नोंदी शोधता येतात. फेऱ्यांचा आकडाही डोळे झाकून मानू नये: १९२५ पूर्वीच्या कित्येक तबकड्या ७८ वर लावल्या की सूर चढतो किंवा उतरतो.

तबकड्यांसाठीची लाख मुख्यतः भारतातून जाई. युद्धामुळे १९४२मध्ये अमेरिकेत तिच्यावर नियंत्रण आले, जुन्या तबकड्या भंगारात मागवल्या गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वादक संघटनेने ध्वनिमुद्रणच थांबवले.

मुंबईतही डान्स बँडचा बाज रुजला. गोव्याचे ट्रम्पेटवादक अंतोनियो झेवियर वाझ तबकड्यांवर ‘चिक चॉकलेट’ म्हणून भेटतात. सूचीत दोन्ही नावे एकमेकांशी जोडावी लागतात.

आणि क्रमांक दिसेना म्हणून तबकडी स्पिरिटने पुसू नये. लाख त्यात विरघळते.