मागे राहिलेल्या सेलसाठी मुद्दाम केलेला ओव्हरचार्ज

12 व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत सहा सेल एकापुढे एक जोडलेले असतात. करंट सगळ्यांतून सारखाच वाहतो, पण सगळे सारखे भरतातच असे नाही. चार्जरला दिसते ती फक्त बेरीज. पाच सेल 2.42 व्होल्टवर आणि सहावा 2.30 वर असला तरी बेरीज 14.4 भरते, चार्जर हात आखडता घेतो आणि सहावा सेल अर्धपोटीच राहतो. असे वारंवार झाले की डिस्चार्ज होताना त्याच्या प्लेटांवर जमलेले लेड सल्फेट पुरते निघत नाही, त्याचे मोठे, टणक स्फटिक बनतात आणि तो सेल दर खेपेला आणखी मागे पडतो. शिवाय चार्जिंगमध्ये प्लेटांतून सुटणारे दाट आम्ल जड असल्याने तळाशी साचते, वर पातळ थर राहतो.

या दोन्हींवरचा उपाय म्हणजे इक्वलायझिंग चार्ज. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीला आणखी काही तास कमी करंट पण जास्त व्होल्टेज द्यायचे. भरलेल्या सेलमध्ये हा करंट पाण्याचे विघटन करण्यात खर्ची पडतो, मागे राहिलेल्या सेलमध्ये मात्र तो सल्फेट मोडण्याच्या कामी येतो. बुडबुड्यांनी आम्लही ढवळून निघते. म्हणजे पाच सेलचे थोडे नुकसान सोसून सहाव्याला वर आणायचे, असा हा व्यवहार आहे. म्हणूनच तो कॅलेंडर बघून नव्हे, हायड्रोमीटर, म्हणजे आम्लाची घनता मोजणारी नळी, बघून करावा. पूर्ण चार्जनंतर सेलांच्या ग्रॅव्हिटीत (पाण्याच्या तुलनेत आम्लाची घनता) 0.030 किंवा जास्त फरक दिसला, उदाहरणार्थ पाच सेल 1.265 वर आणि एक 1.230 वर, तर करावा. एरवी नको.

आधी बॅटरी नेहमीप्रमाणे पूर्ण चार्ज करा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडण्यापुरतेच डिस्टिल्ड वॉटर घाला. आताच काठोकाठ भरले तर आम्ल फुगून बाहेर येईल. बॅटरीवरची सगळी उपकरणे काढा, कारण पुढचे व्होल्टेज त्यांना सोसेलच असे नाही. मग 25 अंश सेल्सिअसला 15.5 ते 16 व्होल्ट, म्हणजे दर सेलला साधारण 2.6, इतके द्या. उत्पादकाने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. 150 अँपिअर-अवरच्या बॅटरीला 5 ते 7 अँपिअर पुरतात.

दर तासाला चार्जर बंद करून प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी लिहून ठेवा. हायड्रोमीटरच्या तरंगीला बुडबुडे चिकटले तर ती उचलली जाते आणि आकडा खोटा येतो, तेव्हा नळी हलकेच टिचकावून मगच वाचा. लागोपाठ तीन रीडिंगमध्ये ग्रॅव्हिटी वाढली नाही की थांबा. बहुधा दोन ते चार तास लागतात. आम्लाचे तापमान 50 अंशांवर गेले तर काम अर्धवट असले तरी थांबा आणि थंड होऊ द्या.

गॅसचा हिशेब गांभीर्याने घ्या. 6 अँपिअर तीन तास दिले की सहा सेल मिळून सुमारे 45 लिटर हायड्रोजन सोडू शकतात. हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला की ठिणगीने पेट घेतो, आणि 45 लिटर एवढा गॅस एक घनमीटर हवा त्या पातळीला न्यायला पुरतो. त्यामुळे जागा मोकळी हवी, झाकणांची छिद्रे तुंबलेली नकोत, आणि चिमटे काढण्यापूर्वी चार्जर बंदच हवा. हातमोजे आणि चष्माही घाला. पाणी मात्र फारसे जात नाही, वरच्या हिशेबात दर सेलला जेमतेम 6 मिलिलिटर. ते शेवटी, बॅटरी निवल्यावर भरावे.

सीलबंद, जेल किंवा एजीएम (काचतंतूंच्या चटईत आम्ल शोषून ठेवलेल्या) बॅटरीवर हा प्रयोग उत्पादकाने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय करू नये. त्यांत गेलेले पाणी परत घालता येत नाही. उघड्या बॅटरीतही अतिरेक केला तर पॉझिटिव्ह प्लेटांची जाळी गंजते आणि त्यांवरचा मसाला झडून तळाशी गाळ साचतो. आणि तासन्‌तास चार्ज देऊनही एकाच सेलची ग्रॅव्हिटी जागची हलत नसेल, त्यात बुडबुडेही नसतील, तर तो सेल मागे राहिलेला नसून बहुधा आतून शॉर्ट झालेला असतो. त्याला इक्वलायझिंगने काही फरक पडत नाही.