जन्मताच लुळा पडलेला हात आणि दीडशे वर्षांचे इलाज

बाळ दचकलं की दोन्ही हात उडायला हवेत, पण एकच उडतो. दुसरा दुपट्यात तसाच पडून असतो: कोपर सरळ, हात आत वळलेला, पंजा मागे. कुणी पाठीमागे हात करून चिरीमिरी घ्यावी तसा. हे बहुधा आजीच्याच आधी लक्षात येतं. मग "हात निखळलाय, बसवून घ्या" असा सल्लाही येतो. खरं तर निखळलेलं काहीच नसतं. प्रसूतीत डोकं बाहेर आल्यावर खांदा अडकतो, मान एका बाजूला ताणली जाते आणि मानेतून हाताकडे जाणारं पाच नसांचं जाळं ओढलं जातं. हजार जन्मांत साधारण एक-दोन बाळांना ही इजा होते. आईला मधुमेह असेल, बाळ वजनाला जास्त असेल किंवा पायाळू असेल, तर धोका वाढतो.

या दुखण्याला नाव मिळालं ते फ्रान्समध्ये. १८७२ मध्ये डॉक्टर दुशेन यांनी अशा चार बाळांची नोंद केली. दोन वर्षांनी जर्मनीच्या एर्ब यांनी मानेजवळ विजेचा सौम्य प्रवाह देऊन दाखवलं की बिघाड जाळ्याच्या वरच्या दोन नसांत असतो. म्हणून आजही रिपोर्टवर 'एर्ब्ज पाल्सी', म्हणजे एर्बचा लकवा, असं लिहिलेलं असतं. खालच्या नसांच्या, म्हणजे पंजा लुळा पडणाऱ्या इजेचं वर्णन १८८५ मध्ये पॅरिसमध्ये डॉक्टरकी शिकणाऱ्या ऑगस्टा क्लुम्पके या तरुणीनं केलं. पॅरिसच्या रुग्णालयांत बायकांना निवासी डॉक्टर म्हणून घेतच नसत, तेव्हाची ही गोष्ट.

नाव मिळण्याआधीच या दुखण्याचा सगळ्यात प्रसिद्ध रुग्ण जन्मला होता, २७ जानेवारी १८५९ रोजी बर्लिनमध्ये. पुढे जर्मनीचा कैसर, म्हणजे सम्राट, झालेला दुसरा विल्हेम पायाळू होता. (आपल्याकडे पायाळू माणसाच्या लाथेनं पाठीची उसण जाते म्हणतात, त्याला स्वतःला मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही.) राजघराण्यानं त्याच्या डाव्या हातावर काय काय केलं ते वाचून अंगावर काटा येतो. विजेचे झटके दिले. नुकत्याच मारलेल्या सशाच्या उबदार धडात हात घालून ठेवला. डावा हात चालावा म्हणून धडधाकट उजवा हात अंगाशी बांधून टाकला, तेही पोर पाऊल टाकायला शिकत असताना. डावा हात शेवटपर्यंत सुमारे १५ सेंटिमीटर आखूडच राहिला. गंमत अशी की चांगला हात थोडा वेळ झाकून ठेवण्याची युक्ती आजचे फिजिओही वापरतात. पण मऊ मोज्यात, खेळाच्या ओघात, दिवसातून ठरावीक वेळच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुसरं टोक गाठलं गेलं. हात लोंबतो ना, मग वर बांधून ठेवा. शपथ घेताना हात वर करतात तशा अवस्थेत पट्ट्यांनी तो महिनोन् महिने अडकवून ठेवत. काही ठिकाणी झबल्याची बाही पिन लावून सरळ उशीला टाचत. खांदा त्याच अवस्थेत आखडायला लागला, तेव्हा कुठे ही पद्धत मागे पडली.

आजच्या व्यायामामागचं गणित साधं आहे. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. मानेपासून कोपरापर्यंत पोचायला तिला महिने लागतात आणि फिजिओथेरपी तिला घाई करायला लावू शकत नाही. तिचं काम आहे तोवर सांधा मोकळा ठेवायचं. हात आत वळवणारे स्नायू शाबूत असतात, बाहेर वळवणारे दुबळे. ही ओढाताण एकतर्फी चालू राहिली तर हाडाचा गोळा मागे सरकतो आणि खांद्याची खोबणच वेडीवाकडी घडते. म्हणून पहिल्या काही दिवसांच्या विश्रांतीनंतर कोपर अंगाशी धरून हात हळूच बाहेर वळवायचा, दिवसातून अनेकदा, लंगोट बदलताना. बहुतेक बाळांना एवढं पुरतं. पण तीन महिन्यांत कोपर वाकायला लागलं नाही, तर नसेच्या शस्त्रक्रियेचा विचार व्हावा, हा निकष पॅरिसचे शल्यविशारद गिल्बर्ट यांनी १९८०च्या दशकात रुजवला. म्हणूनच "होईल आपोआप, वाट बघा" हा सल्ला अर्धाच खरा आहे. वाट बघायची, पण तारीख मोजत.

पुण्याला पुनर्वसन नवं नाही. वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी सुरू झालं. मुंबईत परळच्या केईएममध्ये १९५०च्या दशकात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, तेव्हा समोर पोलिओची मुलं होती. जन्मताना होणाऱ्या इजांकडे, पाळण्यातल्या बाळाकडे, लक्ष वळलं ते फार उशिरा.

आणि पाळण्यातल्या बाळावर इथे आधीपासून कुणाचा तरी हात आहेच: अंघोळ घालायला येणाऱ्या मावशींचा. पेठेतल्या वाड्यापासून वाकडच्या सोसायटीपर्यंत त्या येतातच. फिजिओकडे आठवड्यातून एकदा जायचं, मावशी रोज सकाळी. तेल लावून दोन्ही हात ताणणं, हातांना धरून बाळ उचलणं ही त्यांची जुनी सवय अशा खांद्याला महागात पडू शकते. काही घरं त्यांना बंदच करतात. मला ते पटत नाही. बाळ कसं धरायचं हे ज्यांच्या हातात मुरलंय, त्यांना एकदा फिजिओसमोर बसवून दाखवावं: काखेत हात घालून उचलायचं नाही, मान आणि पाठीखाली आधार द्यायचा, लुळा हात लोंबू द्यायचा नाही. झबलं घालताना बाही आधी दुखऱ्या हातात, काढताना त्या हातातून शेवटी.