ईआरपी अंमलबजावणी : ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा

कंपनीची खरेदी, साठा, उत्पादन, विक्री आणि हिशेब एकाच संगणकीय प्रणालीत आणून ती रोजच्या कामात रुजवण्याच्या प्रक्रियेला ईआरपी अंमलबजावणी म्हणतात. ठाण्याची वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगत ऐरोली, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे अशी पसरलेली टीटीसी औद्योगिक वसाहत इथे या व्यवहारातले दोन्ही पक्ष शेजारी नांदतात. एकीकडे रसायने, औषधे आणि यंत्रभाग बनवणारे कारखाने आहेत, तर दुसरीकडे ऐरोली-महाप्याच्या आयटी पार्कांतून अशा प्रणाली लिहिणारे आणि बसवून देणारे लोक.

या प्रणालींचा उगम १९६० च्या दशकातल्या अमेरिकी कारखान्यांत आहे. कोणता कच्चा माल कधी आणि किती लागेल, एवढेच गणित तेव्हा संगणकावर होत असे. १९७२ मध्ये जर्मनीत स्थापन झालेल्या सॅप या कंपनीने १९९२ मध्ये आर/३ ही प्रणाली आणली आणि जगभरच्या मोठ्या उद्योगांनी ती स्वीकारली. एमआयडीसीतल्या छोट्या गाळ्यांचा प्रवास वेगळा झाला. तिथे हिशेब टॅलीत, साठा एक्सेलमध्ये आणि गेटवरची आवक-जावक रजिस्टरात, अशी तीन टोके वर्षानुवर्षे सुखाने चालली. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. पुढे ई-इन्व्हॉइसची, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याची, सक्ती टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांपेक्षा जास्त उलाढालीच्या व्यवसायांपर्यंत पोहोचली, आणि या तीन टोकांचा मेळ घालणे अनेकांना भाग पडले. करासाठी म्हणून घाईने घेतलेली प्रणाली मात्र बिलापुरतीच राहते. कारखाना तिच्या बाहेरच चालतो.

प्रकल्प फसतो तेव्हा दोष बहुधा सॉफ्टवेअरला दिला जातो. प्रत्यक्षात त्याचे यश स्टोअरमध्ये ठरते. साठा खरा नसेल तर खरेदीचा अंदाज, उत्पादनाचे नियोजन आणि नफ्याचा आकडा या तिन्ही गोष्टी चुकतात.

पावणे-महाप्याकडच्या रासायनिक कारखान्याचे उदाहरण घेता येईल. द्रावकाचा (सॉल्व्हंटचा) टँकर येतो तेव्हा पुरवठादाराच्या बिलावर एक वजन असते आणि वजनकाट्यावर दुसरे. माल टाकीत उतरला की त्याची मोजणी लिटरमध्ये होते, आणि तापमानाबरोबर घनता बदलत असल्याने तेवढ्याच किलोचे लिटर सकाळी आणि दुपारी सारखे भरत नाहीत. पुढे बॅचमधून उरलेले द्रावक शुद्ध करून पुढच्या बॅचला वापरतात. हे परत मिळालेले द्रावक मालाच्या यादीत, म्हणजे बीओएममध्ये, दाखवलेले नसेल तर प्रत्येक बॅच ताजा माल खाते असे प्रणाली धरून चालते. महिनाअखेर टाकी अर्धी भरलेली आणि संगणकावर साठा उणे, असे चित्र दिसते. मग स्टोअरवाला समायोजनाच्या नोंदी टाकू लागतो, आणि त्या नोंदींची सवय लागली की प्रणालीवरचा विश्वास संपतो. यावर उपाय साधा आहे. तो काम सुरू होण्याआधी करावा लागतो, इतकेच. प्रणाली बसवून देणाऱ्या सल्लागाराने दोन-चार दिवस प्लांटमध्ये उभे राहून माल कुठून कुठे जातो ते पाहायचे. सभागृहातल्या सादरीकरणात हे द्रावक कुणालाच दिसत नाही.

अभियांत्रिकी गाळ्यांत अशीच गुंतागुंत जॉबवर्कची, म्हणजे बाहेरून करून घेतलेल्या कामाची असते. सुटे भाग प्लेटिंग किंवा हीट ट्रीटमेंटसाठी चलनावर दुसऱ्याच्या गाळ्यात जातात. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार असा माल साधारणपणे वर्षभरात परत यावा किंवा तिथूनच पुढे विकला जावा लागतो. तसे झाले नाही तर पाठवला त्याच दिवशी तो विकला असे धरून कर लागतो. त्यामुळे बाहेर पडलेल्या मालाचा हिशेब चलननिहाय ठेवणे ही पहिल्या दिवसापासूनची गरज आहे. पुढच्या टप्प्यात बघू म्हणून तो बाजूला ठेवता येत नाही.

मास्टर डेटाची, म्हणजे माल, ग्राहक आणि पुरवठादारांच्या मूळ याद्यांची साफसफाई हे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत मोलाचे काम. एकच बोल्ट ‘एम १० बोल्ट’, ‘बोल्ट एम-१०’ आणि ‘हेक्स बोल्ट १० एमएम’ अशा तीन नावांनी नोंदला असेल, तर रॅकवर माल असूनही नवी ऑर्डर निघते. हे काम बाहेरच्या माणसाला देता येत नाही, कारण तिन्ही नावे एकाच खोक्याची आहेत हे स्टोअरमधल्या जुन्या माणसालाच ठाऊक असते.

प्रणालीत बदल किती करून घ्यावेत, यावर प्रत्येक प्रकल्पात वाद होतो. लिडल या जर्मन किराणा साखळीने सुमारे ५० कोटी युरो खर्चूनही २०१८ मध्ये सॅपवरचा आपला प्रकल्प सोडून दिला. कंपनी साठ्याचे मूल्य खरेदीच्या भावाने धरत असे आणि मूळ प्रणाली विक्रीच्या भावाने. आपली पद्धत न सोडता प्रणालीच बदलत नेणे महागात पडले, असे तेव्हाच्या बातम्यांत म्हटले होते. कायद्याने किंवा मालाच्या स्वभावाने जे आवश्यक आहे तेवढेच बदलावे आणि बाकी ठिकाणी आपली सवय बदलावी, हा नियम छोट्या कारखान्यालाही तितकाच लागू आहे.

गो-लाइव्हची, म्हणजे नवी प्रणाली प्रत्यक्ष वापरात आणण्याची तारीखही निर्णायक असते. अमेरिकेतल्या हर्शी कंपनीने १९९९ मध्ये हॅलोवीनच्या ऐन हंगामाआधी नवी प्रणाली सुरू केली आणि गोदामात चॉकलेट असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत पुऱ्या झाल्या नाहीत. आपल्याकडे १ एप्रिलचा मोह असतो, कारण त्या दिवशी वह्या नव्याने सुरू होतात. पण त्याच सुमारास स्टोअर साठामोजणीत आणि अकाउंट्स वर्षअखेरीच्या कामात बुडालेले असते. पुढच्या एखाद्या तिमाहीची सुरुवात बहुतेकांना अधिक झेपते.

मालकाने स्वतः लक्ष घातले की कामाला वेग येतो. मात्र त्याहून जास्त फरक प्रत्येक विभागातल्या की-युजरमुळे, म्हणजे आपल्या विभागासाठी प्रणाली शिकून ती तपासणाऱ्या माणसामुळे पडतो. या माणसाला रोजच्या कामातून खरोखर मोकळीक हवी. दिवसभर डिस्पॅच सांभाळून संध्याकाळी सातनंतर चाचणी करायला बसवले, तर तो समोर येईल त्या कागदावर सही करतो आणि चुका गो-लाइव्हनंतर ग्राहकाच्या बिलावर उमटतात. सल्लागाराचा शेवटचा हप्ताही यूएटीच्या, म्हणजे वापरणाऱ्यांनी केलेल्या अंतिम चाचणीच्या सहीवर देऊ नये. एक महिनाअखेर पूर्णपणे नव्या प्रणालीतून बंद झाली, की मगच द्यावा. समांतर चालवलेले जुने रजिस्टर ठरलेल्या तारखेला बंद करायचे, हेही आधीच जाहीर करावे लागते. प्रणाली शिकलेल्या माणसाला या पट्ट्यात दुसरीकडून बोलावणे येतेच, म्हणून प्रत्येक विभागात दोन की-युजर तयार ठेवतात आणि कामाच्या पायऱ्या मराठीत लिहून स्टोअरच्या संगणकाशेजारी लावतात.