शेक द्यायच्या आधी एवढी तयारी कशाला? रेडिएशन प्लॅनिंगच्या चिठ्ठीमागची गोष्ट

सोलापुरात कुणाच्या घरी कॅन्सरसाठी रेडिएशन, म्हणजे किरणांचा शेक, ठरलं की प्लॅनिंगच्या दिवशी घरचे लोक बहुतेक वैतागूनच परत येतात, अक्कलकोटहून सकाळची एसटी धरून आलेला माणूस दिवसभर थांबतो, स्कॅन होतो, अंगावर पेनाने खुणा होतात, आणि मग सांगतात की फोन आला की या. शेक दिलाच नाही! वर ती चिठ्ठी, दाढी करून या, दातांच्या डॉक्टरला दाखवा, क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट आणा, लघवीला जाऊन या आणि मग पाणी प्या, खुणा पुसू नका. ही चिठ्ठी कुणी एका दिवसात बसून लिहिलेली नाही. मशीन जसजशी बारीक नेम धरायला लागली तसतशी पेशंटच्या मागची तयारी वाढत गेली.

1895 च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत राँटगेनला एक्सरे सापडले आणि पुढच्याच वर्षी डॉक्टरांनी ते कॅन्सरवर वापरून बघायला सुरुवातही केली. किती द्यायचे हे कुणालाच धड माहीत नव्हतं, कातडी लाल झाली की पुरे, हेच माप. किरण मोजायचं आंतरराष्ट्रीय युनिट ठरलं ते थेट 1928 साली. शिवाय तेव्हाचे किरण खोलवर पोचायचेच नाहीत, सगळा मार कातडीवर. 1951 मध्ये कॅनडात कोबाल्टची मशीन आली आणि खोलवरच्या गाठीपर्यंत जाता यायला लागलं.

पण गाठ नक्की कुठं आहे हे बघायला साधन काय, तर हाताने चाचपणं आणि साधी एक्सरे फिल्म. म्हणून डॉक्टर अंगावर चौकोन आखायचे तोही मोठा, उगीच गाठ चुकायला नको. चौकोन मोठा असला की पेशंट थोडा इकडेतिकडे सरकला तरी चालतं, त्यामुळे तयारी म्हणजे काय तर झोपा आणि हलू नका, संपलं. किंमत मात्र मधल्या चांगल्या भागाने मोजायची, आतडं, मूत्राशय, लाळेच्या ग्रंथी सगळं त्यात सापडायचं. पुढे सिम्युलेटर आला, म्हणजे ट्रीटमेंटच्या मशीनसारखाच हलणारा पण नुसता एक्सरे काढणारा, रंगीत तालीम म्हणा. आजही त्या अपॉइंटमेंटला सिम्युलेशनच म्हणतात.

खरा फरक पाडला सीटी स्कॅनने. 1 ऑक्टोबर 1971 ला लंडनमध्ये पहिल्या पेशंटचा स्कॅन झाला, मशीन बनवणारा हाउन्सफील्ड हा ईएमआयचा इंजिनिअर, हो, तीच गाण्याच्या रेकॉर्डवाली ईएमआय, आणि 1979 ला त्याला नोबेलही मिळालं. सीटीमुळे गाठ तर दिसलीच, पण शरीरात कुठं किती घनता आहे तेही कळलं, त्यामुळे कुठल्या जागी किती डोस पोचेल याचा हिशोब कॉम्प्युटरवर करता यायला लागला. आता डॉक्टर एकेका स्लाइसवर गाठ आणि आजूबाजूचे अवयव आखतात, मग फिजिसिस्ट, म्हणजे डोसचा हिशोब बघणारा माणूस, प्लॅन बनवतो, तपासतो, तेवढ्यात काही दिवस जातात. नव्वदच्या दशकापासून गाठीच्या आकाराप्रमाणे किरण वळवणारी आयएमआरटी आली आणि सगळा मामला मिलिमीटरवर आला. शिंप्याकडे माप फुगलेल्या पोटाने दिलं आणि ड्रेस रिकाम्या पोटाने घातला तर कसा बसेल, तसंच, ज्या अवस्थेत स्कॅन झाला त्याच अवस्थेत रोज झोपायला लागतं.

दाढीची ओळ इथूनच आली. डोक्यामानेच्या ट्रीटमेंटला पूर्वी प्लास्टरचे साचे करायचे, आता जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात, थंड झाला की तो मास्क. दाढी असताना मास्क केला आणि नंतर काढली तर तो सैल. आपल्याकडे मावा, तंबाखूमुळे तोंडाचे पेशंट भरपूर, आणि माझ्या मते त्यांच्या चिठ्ठीतली सगळ्यात दुर्लक्षित ओळ दातांची आहे. शेक दिलेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कमी होतो, नंतर दात काढला तर जखम भरत नाही, हाड सडूही शकतं, म्हणून किडके दात आधीच काढायचे आणि जखम भरायला वेळ द्यायचा.

पाण्याचं गणित बायकांच्या बाबतीत जास्त येतं. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, तिच्या सुरुवातीच्या नोंदींत बायकांमध्ये गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर सगळ्यात पुढे होता. या ट्रीटमेंटला मूत्राशय भरलेलं असलं की आतडं वर ढकललं जातं आणि किरणांतून वाचतं. अडचण अशी की सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू आजीला किंवा विजापूरकडून आलेल्या कन्नड बाईला हे मराठीत घाईघाईने सांगितलं तर ती मान डोलावते आणि पाणी न पिताच आत जाते. एकदा पूर्ण लघवी करा, मग सांगितलं तेवढं पाणी, मग सांगितला तेवढा वेळ थांबा, हे घरच्या कुणीतरी तिच्या भाषेत समजावलं पाहिजे.

क्रिएटिनिन मागतात कारण स्कॅनमध्ये नीट दिसावं म्हणून कधीकधी शिरेतून औषध देतात आणि ते किडनीतून बाहेर पडतं. शुगरच्या गोळ्या चालू असतील, पेसमेकर असेल, दिवस गेल्याची शंका असेल तर ते आधीच सांगायचं. डाव्या स्तनाच्या पेशंटला आता बऱ्याच ठिकाणी श्वास भरून रोखायला शिकवतात, छाती फुगली की हृदय किरणांपासून लांब जातं.

राहिल्या खुणा. काही ठिकाणी सुईने कायमचा बारीक ठिपका गोंदतात, काही ठिकाणी नुसता मार्कर, आणि मार्कर सोलापूरच्या एप्रिल-मेच्या घामात काय टिकणार! सैल सुती कपडे घाला, त्या जागी साबण घासू नका, तेल नको. फिकट झाल्या तर घरच्या पेनाने गिरवायच्या नाहीत, तशाच ठेवून डिपार्टमेंटला सांगायचं, ते स्वतः मापून परत काढतात.