बोलता येईल इतका चढ

पुण्यात फर्ग्युसन कॉलेजच्या मागे टेकडी आहे. वर जायला फी नाही, जिमसारखी मशीन रिकामं होण्याची वाट बघावी लागत नाही. कॉलेजच्या मुलामुलींना टेकडी, ग्राऊंड, टर्फवरचा फुटबॉल आवडतो तो याच कारणांनी: पैसे कमी, सोबत मित्र, आणि दोन लेक्चरच्या मध्ये बसेल इतका वेळ. तरी ठरवून सुरू केलेलं चढणं पुष्कळदा पंधरा दिवसांत सुटतं. दोष आळसाला दिला जातो, पण खरी चूक वेगात असते.

श्रम वाढत गेले की एका टप्प्यानंतर रक्तात लॅक्टेट, म्हणजे जोराचं काम करताना स्नायूंत तयार होणारा पदार्थ, साचू लागतं. वाढणारी आम्लता आवरायला शरीर श्वास एकदम वाढवतं. हा टप्पा ओलांडला की जवळजवळ प्रत्येकालाच बरं वाटेनासं होतं. त्याच्या खाली मात्र बहुतेकांना प्रसन्न वाटतं. उद्या पुन्हा जावंसं वाटणं बरंचसं या अनुभवावर ठरतं. परीक्षेमुळे दोन महिने बसून काढलेल्याचा टप्पा खूप खाली आलेला असतो, साधा चढही त्याला तो ओलांडायला लावतो. ओळखायची खूण सोपी आहे. पूर्ण वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, हा योग्य वेग. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर पावलं आखूड करा. पहिले तीन आठवडे एवढंच पाळा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं असा मध्यम व्यायाम हवा, शिवाय दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा. एका वेळी किमान १० मिनिटं सलग हवीत, ही जुनी अट आता नाही. म्हणजे होस्टेलचा जिनासुद्धा हिशेबात धरता येतो. फक्त त्यातून वजन उतरेल अशी आशा धरू नये. ६० किलोच्या व्यक्तीने ९ मीटर, म्हणजे तीन मजले, चढले तर प्रत्यक्ष काम सुमारे ५,३०० ज्यूल होतं. स्नायू त्याच्या चार-पाच पट ऊर्जा खर्च करतात, तरी ती ५-६ कॅलरीच भरते. एका ग्लुकोज बिस्किटात याहून जास्त असते. जिन्याचा फायदा हृदयाला आणि मांड्यांना होतो.

ताकदीसाठी जोर-बैठका उत्तम. इथे पैज घात करते. पहिल्याच दिवशी मित्रांच्या नादाने दोनशे बैठका मारल्या की तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. खाली बसताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणं २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं. क्वचित स्नायू इतके तुटतात की त्यातलं प्रथिन मूत्रपिंडावर येतं. लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, घरगुती उपाय करत बसू नका. सुरुवात दहा-दहाच्या दोन फेऱ्यांनी करा आणि दोन दिवस थांबा. एवढ्या थोडक्या मात्रेनेही स्नायू पुढचे काही आठवडे अशा इजेपासून बराचसा सावरलेला राहतो.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांचं दुखणं वेगळं. मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, म्हणून रोज तेच अंतर घड्याळ लावून, जीव तोडून, डांबरी रस्त्यावर पळलं जातं. मग नडग्या धरतात. जोरात पळणं आठवड्यातून दोनदाच ठेवा, बाकीचे दिवस मातीच्या मैदानावर गप्पांच्या वेगाने पळा. नडगीच्या आतल्या कडेने वीतभर दुखत असेल तर विश्रांतीने बहुधा उतरतं. एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी हाड दुखत असेल तर त्याला बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी, पळणं थांबवून डॉक्टरांना दाखवावं.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट फार दुर्लक्षित राहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन कमी असेल तर रक्तातून ऑक्सिजनच कमी पोचतो, आणि सोपा चढही धाप लावतो. अशा मुलीला ‘स्टॅमिना वाढव’ असं सांगणं अन्यायाचं आहे. महिनाभर बेताने चालूनही दम लागतच असेल तर आधी रक्ताची साधी तपासणी करावी. मेसमधल्या मटकीवर लिंबू पिळावं, त्याने लोह अंगी लागतं. आणि जेवणावरचा चहा तासभर पुढे ढकलावा, कारण चहातली टॅनिनं तेच लोह अडवतात.