संशोधन शिकायचंय? आधी वॉर्डातले कॅथेटर मोजा

लघवीच्या नळीमुळे, म्हणजे कॅथेटरमुळे, आपल्याकडे किती रुग्णांना जंतुसंसर्ग होतो? पुण्यातल्या पन्नास खाटांच्या रुग्णालयालाही हा प्रश्न स्वतः सोडवता येतो. संशोधनाची सवय लावायला आम्ही हाच प्रश्न सुचवू, कारण त्याचं उत्तर एकट्या डॉक्टरकडे नसतं.

दर काढायचा तो रुग्णसंख्येवर नव्हे, कॅथेटर-दिवसांवर. एका रुग्णाची नळी सहा दिवस राहिली, तर सहा कॅथेटर-दिवस. 1200 कॅथेटर-दिवसांत 6 संसर्ग झाले, तर दर हजारी 5. यातला छेद, म्हणजे कॅथेटर-दिवसांची संख्या, सिस्टरांच्या हातात असतो. रोज ठरलेल्या एकाच वेळी, समजा सकाळची शिफ्ट सुरू होताना, खाटेखाटेपाशी जाऊन नळ्या मोजायच्या. ‘नंतर रजिस्टरवरून भरू’ म्हटलं की रविवार कोरे राहतात, छेद लहान होतो आणि दर उगाच फुगतो.

अंश, म्हणजे संसर्गांची संख्या, लॅबमधून येतो, आणि तिथेही चूक वॉर्डातच होते. पिशवीतून नमुना घेतला, तर साठलेल्या लघवीत वाढलेले जंतू कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, उगवतात आणि नसलेला संसर्ग नोंदवला जातो. नमुना नळीच्या सॅम्पलिंग पोर्टमधूनच (नमुना घेण्यासाठीच्या तोंडातून), पोर्ट स्पिरिटने पुसून, निर्जंतुक सिरिंजने घ्यावा. दोन तासांत तो लॅबमध्ये पोचत नसेल, तर फ्रिजमध्ये ठेवावा. कल्चरआधीच प्रतिजैविक सुरू झालं होतं का, हे फार्मासिस्टच्या नोंदीत सापडतं. नळी काढून रुग्णाला संडासापर्यंत कधी चालवता येईल, हे फिजिओथेरपिस्टला विचारावं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये आंतरव्यावसायिक शिक्षणाची व्याख्या केली ती हीच: दोन किंवा अधिक पेशांतल्यांनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांबरोबर शिकणं. सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवून व्याख्यान दिल्याने ते होत नाही. त्यापेक्षा रेसिडेंट (शिकाऊ पदव्युत्तर डॉक्टर) आणि सिस्टर यांनी तेच दहा केसपेपर स्वतंत्रपणे वाचून संसर्गाच्या नोंदीचे फॉर्म भरावेत. उत्तरं जिथे जुळत नाहीत, तिथे बहुतेक वेळा संसर्गाची व्याख्याच मोघम असते. मग ती नेमकी करायची: नळी दोन दिवसांहून जास्त, कल्चरमध्ये मिलिलिटरमागे किमान एक लाख जंतू, सोबत ताप किंवा ओटीपोटात दुखणं. चर्चेत आधी सिस्टरांना बोलू द्यावं. सिनियर डॉक्टर आधी बोलले की बाकीचे मान डोलावतात आणि फॉर्ममधली खोट तशीच राहते.

माहिती जुन्या केसपेपरांतली असली, तरी काम सुरू होण्याआधी आराखडा संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीकडे न्यायचा. तपासणीतून सूट मिळेल की नाही, हे समिती ठरवते, संशोधक नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार समितीत 7 ते 15 सदस्य असावेत आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा.

चिकाटीने केलेल्या मोजमापातून काय हाती लागतं, हे पुण्याने पाहिलं आहे. इथल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथली नवजात बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने कमी होती, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. हा फरक नुसत्या वजनकाट्यावर दिसला नसता. त्वचेखालच्या चरबीची जाडी प्रत्येक बाळाची एकाच पद्धतीने मोजावी लागली.

संस्थेने निदान एवढं करावं: मोजणीचा वेळ ड्युटीच्या तक्त्यात लिहावा, चहाच्या सुट्टीतून कापू नये. आणि फॉर्म, व्याख्या, नोंदींसाठी वापरलेल्या कोडची यादी वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरकडे ठेवावी. रेसिडेंट तीन वर्षांनी जातो. हे सगळं त्याच्या लॅपटॉपवर असेल, तर पुढच्याला पहिल्यापासून मोजावं लागतं.