परळच्या रक्तचाचणीतून लागलेला शोध

मुंबईतल्या परळचे सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे के.ई.एम. रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले. तेथील संशोधनाचा इतिहास पाहिला, तर महत्त्वाचे काम बहुधा दोन विभागांच्या सीमेवर झालेले दिसते, कारण प्रश्न वॉर्डात उभा राहतो आणि त्याचे उत्तर मात्र दुसऱ्याच विभागाच्या प्रयोगशाळेत शोधावे लागते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे 'बॉम्बे रक्तगट'. विकृतिशास्त्राचे डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद केली. हा गट असलेल्या व्यक्तींच्या तांबड्या पेशींत ए-विरोधी किंवा बी-विरोधी प्रतिद्रव्य (परक्या घटकाला चिकटणारे प्रथिन, अँटिबॉडी) मिसळले, तरी गुठळ्या होत नाहीत, त्यामुळे नेहमीच्या चाचणीत रक्तगट 'ओ' वाटतो. पण त्याच व्यक्तीचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींत मिसळला, की त्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे दाणे दिसू लागतात. चाचणीची ही उलट बाजू तपासली नाही, तर ओ गटाचे रक्त चढवले जाईल आणि ते रुग्णाच्या जिवावर बेतू शकेल.

याचे कारण तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर आहे. ए आणि बी हे दोन्ही प्रतिजन (प्रतिद्रव्ये ज्यांना ओळखतात ते घटक) 'एच' नावाच्या पायावर रचले जातात, आणि ओ गटात केवळ हा पाया असतो. तो घडवण्यासाठी फ्यूकोज ही शर्करा जोडणारे विकर (एन्झाइम) लागते. त्याचे जनुक एफयूटी१ हे १९व्या गुणसूत्रावर आहे. आई आणि वडील या दोघांकडूनही या जनुकाची निकामी प्रत आली, तर पायाच तयार होत नाही आणि शरीर 'एच'लाच परके मानून त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. भारतात हा गट साधारणपणे दहा हजारांत एका व्यक्तीत आढळतो, तर नात्यातल्या विवाहांमुळे त्याची शक्यता वाढते. अशा व्यक्तीकडे ए किंवा बी गटाचे जनुक सुप्तपणे असू शकते आणि ते पुढच्या पिढीत प्रकट होते, म्हणून 'ओ' समजल्या गेलेल्या आईवडिलांना ए गटाचे मूल होऊ शकते. रक्तपेढीतला हा पेच शेवटी अनुवंशशास्त्रानेच सोडवला आहे.

याच रुग्णालयाशी संबंधित असलेल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या रक्तदाबावरील परिणामाची निरीक्षणे १९४९ मध्ये जगासमोर मांडली. पुढे औषधशास्त्र विभागाच्या डॉ. शरदिनी डहाणूकर आणि शल्यचिकित्सा विभागाचे डॉ. आर. डी. बापट यांच्या गटाने गुळवेलीचा अभ्यास केला. पित्तमार्ग अडल्याने झालेल्या काविळीत शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग बळावतो, कारण जंतू गिळणाऱ्या पेशी मंदावतात. त्या पेशी गुळवेलीने सक्रिय होतात का, हे प्राण्यांमध्ये तपासल्यावर ती रुग्णांना देण्यात आली. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आशादायक होते, मात्र रुग्णसंख्या लहान होती, आणि हा तपशील मला निष्कर्षाइतकाच महत्त्वाचा वाटतो. कोविडकाळात घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू झाले, तेव्हा मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद केली. त्यातल्या काहींच्या यकृतावर शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा उलटल्याच्या खुणा दिसल्या. एका आजारात उपयोगी ठरू पाहणारा प्रतिकारशक्तीवरील परिणाम दुसऱ्या प्रकृतीत घातक ठरू शकतो का, हा प्रश्न आता औषधशास्त्र, यकृतविकार आणि प्रतिकारशास्त्र या तिन्ही विभागांचा आहे.